तांबडी तारीख

जुलै २०२५चा दुसरा आठवडा. धो धो पाऊस, विरार लोकल पंचवीस मिनिटं उशिरा. मी भिजून प्रभादेवीच्या छापखान्यात पोचले तर टेबलावर २०२६च्या कॅलेंडरचं प्रूफ येऊन पडलेलं. एका पतसंस्थेचं काम होतं. पुढून तारखा आणि तिथी, मागून पाककृती, आरोग्याच्या टिपा असला मजकूर. एप्रिलच्या पानामागे इंग्रजी कॅलेंडर कसं आलं यावर एक लेख होता.

तारखा अण्णा बघतात, मजकूर मी. ही वाटणी बावीस वर्षांची आहे. अण्णा रत्नागिरीचे, पंचांग तोंडपाठ. मी वसईची, कुपारी म्हणजे तिथल्या कॅथलिक ख्रिस्ती घरातली. कामाला निघताना माझ्या बॅगेत डबा, छत्री आणि जपमाळ असते, हे छापखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की १५८२ साली पोपला लहर आली आणि त्याने जगाचे दहा दिवस पळवले. स्वतःला कधीच न चुकणारा म्हणवणाऱ्या माणसाला जाब विचारणार कोण?

मुद्रितशोधकाने लेखकाच्या मताला हात लावायचा नसतो. मी ते पाळते. पण 'लहर' हे मत नव्हतं, ती चुकीची माहिती होती. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं. अण्णांनी ते पाहिलं.

"काय गं, पोपवर लिहिलंय म्हणून लागलं?"

"लागलंच, अण्णा. पण खूण त्यासाठी नाही केली. पंचांगातून गळलेल्या क्षयतिथीला तुम्ही चोरी म्हणता का?"

ते चष्म्यावरून बघायला लागले. मग मी सांगितलं. जुन्या रोमन हिशेबात वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरलं होतं. खरं वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण १२८ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, २१ मार्चवरून दहा दिवस मागे सरकला होता, आणि ईस्टर त्यावरच बेतलेला. म्हणून पोप तेराव्या ग्रेगरींनी जाणकार बसवले. गणिताची मांडणी अलॉयसियस लिलियस नावाच्या इटालियन डॉक्टरची, ती तडीस नेणारा क्लाव्हियस हा येशूसंघीय धर्मगुरू. ४ ऑक्टोबर १५८२च्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. आविलाची संत तेरेजा नेमकी त्या रात्री वारली, म्हणून तिचा सण आम्ही १५ तारखेला करतो. पोर्तुगालने नवं कॅलेंडर लगेच घेतलं, इंग्रजांनी १७५२ साली. म्हणजे वसईत पोर्तुगीज आणि मुंबईत इंग्रज असताना खाडीच्या अलीकडे-पलीकडे तारखांत दहा-अकरा दिवसांचं अंतर होतं.

"हे लहरीने होतं का?" मी विचारलं.

"नाही. हे काम झालं," अण्णा म्हणाले. पंचांगवाला माणूस, अकरा मिनिटांची किंमत त्यांना कळते. पण तेवढ्यावर सोडतील तर ते अण्णा कसले. "बरं, दिवसांचं राहू दे. पोप चुकत नाहीत असं तुम्ही मानताच ना? मग गॅलिलिओचं काय?"

हा प्रश्न मला लोकलमध्ये, लग्नघरात, सोसायटीच्या मीटिंगमध्येही विचारला गेला आहे. गॅलिलिओला १६३३ साली दोषी ठरवलं ती चूकच होती, त्यात सारवासारव नको. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ती चूक उघडपणे मान्य केली. पोप पाप करू शकतात, हिशेबात चुकू शकतात, वाईट माणसंही त्या गादीवर बसून गेली. पहिल्या पोपनेच, पेत्राने, कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं. पुढे प्रेषित पौलाने त्याला अंत्युखिया शहरात तोंडावर सुनावलं, आणि ते आमच्याच बायबलमध्ये छापलेलं आहे. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेने जो अचूकपणा सांगितला तो फार अरुंद आहे. संपूर्ण ख्रिस्तसभेचा गुरू म्हणून, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल, सर्वांनी कायमचं मानावं असं पोप जाहीर करतील, तेव्हाच तो लागू होतो. त्या परिषदेनंतर असं स्पष्टपणे एकदाच झालंय, १९५० साली. मरियेला सदेह स्वर्गात घेतलं गेलं, ही ती घोषणा. तिचा सण अण्णांनीच तपासलेल्या ऑगस्टच्या पानावर होता, १५ तारखेला, स्वातंत्र्यदिनाच्या खाली बारीक अक्षरात.

"म्हणजे एरवी त्यांचं ऐकायचं नाही?"

"ऐकायचं. आईचं ऐकतो तसं. आई चुकत नाही म्हणून थोडंच ऐकतो?"

मग मी समोरचं प्रूफ उचललं. माझ्याजवळ दुसरं उदाहरण नव्हतं आणि याहून चांगलंही नव्हतं. "अण्णा, आपण शेवटच्या प्रूफवर सही करतो. त्या सहीशिवाय प्लेट निघत नाही. पण मनात आलं म्हणून आपल्याला एक ओळ घालता येते का? मूळ प्रतीला बांधलेले आहोत आपण. पोपही तसेच. नवी शिकवण काढायला त्यांना पवित्र आत्म्याचं साहाय्य मिळालेलं नाही, मिळालेली राखायला मिळालंय. हेही १८७०च्याच ठरावात आहे."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि मूळ प्रतीतच चूक असेल तर?"

खरं सांगते, यावर वाद घालून उत्तर नाही. "तिथे आपली वाट वेगळी होते, अण्णा. माझा त्या प्रतीवर विश्वास आहे. माझ्या आजीने मला ती दिली, तिला तिच्या आजीने."

त्यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचंही काढलं. १५६० ते १८१२. त्याचा बचाव मी केला नाही, करणारही नाही. सत्याच्या नावाखाली झालेल्या जबरदस्तीबद्दल २००० साली रोममध्ये पोपने सर्वांसमोर देवाची क्षमा मागितली, ती मागायलाच हवी होती, एवढंच म्हटलं.

बोलता बोलता मी पान उलटलं आणि पोटात धस्स झालं. एप्रिलमध्ये गुड फ्रायडेची तांबडी तारीख १० होती. अण्णांची टिक त्यावर पडलेली. पतसंस्थेने पाठवलेल्या यादीतही १०च.

"अण्णा, गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे."

त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांची तांबडी तारीख चुकलेली मी पाहिली नव्हती. प्लेट निघाली असती तर हजारो घरांतले लोक ३ तारखेला पतसंस्थेच्या बंद दारापाशी उभे राहिले असते. आणि १० आली कुठून, तेही लगेच ध्यानात आलं. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळी ईस्टरचा हिशेब अजून त्या जुन्या, न सुधारलेल्या कॅलेंडरवर करतात. त्यांचा ईस्टर १२ एप्रिलला, आमचा ५ला; गुड फ्रायडे त्याच्या आधीचा शुक्रवार. कुणीतरी इंटरनेटवरून त्यांची तारीख उचलली होती.

"आमच्या टिळक पंचांगासारखं," अण्णा हळूच म्हणाले. "एकाच आळीत दोन दिवशी सण."

"तसंच."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "हिशेब सांग."

"२१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा. तिच्यानंतर येणारा रविवार. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, आकाशातल्या पौर्णिमेपेक्षा एखादा दिवस इकडेतिकडे होते."

त्यांनी प्रूफवर बोट ठेवलं. २ एप्रिल, गुरुवार, हनुमान जयंती. बोट सरकत रविवारवर, ५ तारखेवर आलं. मग २०२५चं भिंतीवरचं कॅलेंडर: हनुमान जयंती १२ एप्रिल, ईस्टर २०. २०२४ आठवून पाहिलं: तेव्हा होळीची पौर्णिमा धरावी लागली, ईस्टर ३१ मार्च. ते एवढे रमले की मशीनवरचा मुलगा चहा ठेवून गेला तो तसाच गार झाला.

दुपारी पतसंस्थेला फोन केला. त्यांनी तारीख बदलायला लगेच होकार दिला, लेखाबद्दल म्हणाले, तुम्हीच बघून घ्या. मी 'पळवले'च्या जागी 'वगळले' लिहिलं, 'लहर' काढून कारण घातलं. न चुकण्याबद्दलचं वाक्य मी तसंच ठेवलं होतं, ते लेखकाचं मत होतं. अण्णांनी स्वतःची तांबडी पेन्सिल काढून त्याच्या समासात लिहिलं: 'संदर्भ तपासावा. १८७०.'

"अचूकपणाचं मला अजून पटलेलं नाही हं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"२०२७ला फाल्गुन पौर्णिमा २२ मार्चला, सोमवारी. म्हणजे तुमचा ईस्टर २८ला. गुड फ्रायडे २६." त्यांनी ते डायरीत टिपलं आणि शेवटच्या प्रूफवर सही करायला पेन माझ्याकडे दिलं.