घरच्या गिट सर्व्हरची नोंद: फोर्कवरचा पुश हलका करणं

जुन्या लॅपटॉपवर डेबियन, त्यावर गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), लिनक्स कर्नलचा बेअर रेपो (फक्त बदलांचा इतिहास ठेवणारं कोठार) आणि शेजारी त्याचेच दोन फोर्क (स्वतःच्या बदलांसाठीच्या प्रती), इथवर मांडणी झाली आहे. डिस्क लहान, त्यामुळे फोर्क 'शेअर्ड' क्लोनने केलेत. म्हणजे फोर्कमध्ये अल्टरनेट्स नावाची एक फाइल, तिच्यात मूळ रेपोचा पत्ता, आणि स्वतःचं सामान जवळपास शून्य.

आता पुश, म्हणजे डेस्कटॉपवरचे बदल सर्व्हरवरच्या फोर्कला पाठवणं. ड्रायव्हरमध्ये तीन ओळी बदलल्या, आणि 'रायटिंग ऑब्जेक्ट्स'चा (गिट पाठवत असलेल्या तुकड्यांचा) आकडा मात्र हजारांत! फेच करताना, म्हणजे बदल खाली आणताना, कुणाकडे काय आहे याची घासाघीस होते, तशी पुश करताना होत नाही. सर्व्हर आपल्या रेफ्सची (ब्रांच आणि टॅग यांची) यादी वाचून दाखवतो, त्यातले डेस्कटॉपच्या ओळखीचे हॅश (नोंदींचे ओळख-क्रमांक) धरून गिट उरलेलं सगळं पाठवतं. फोर्कची मुख्य ब्रांच जुनी असली की 'उरलेलं' फुगणारच.

पण अल्टरनेट्स असताना सर्व्हर मूळ रेपोचे टोकाचे हॅशही 'डॉट हॅव' म्हणून सांगतो. गिट_ट्रेस_पॅकेट (गिटचा सर्व्हरशी संवाद दाखवणारी सोय) चालू करून पाहिलं, तर त्या ओळी रांगेने येत होत्या. मूळ रेपोतल्या मुख्य ब्रांचचा हॅशही होता, फक्त डेस्कटॉपला तो माहीत नव्हता. सर्व्हरचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) तासातासाला फेच करतो, डेस्कटॉप सकाळी एकदाच. अनोळखी हॅशचा उपयोग शून्य.

यादी छोटी करायला कोअर.अल्टरनेटरेफ्सप्रीफिक्सेस ही सेटिंग आहे (गिट 2.20, 2018). तिथे फक्त ब्रांच ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. हजारो फोर्क पोसणाऱ्या होस्टला ते ठीक, घरी मला पटत नाही. यादी आखडली खरी, पण पुश आणखी जड झाला. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांचे आरसी टॅग (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्त्यांवरच्या खुणा) साधारण दर रविवारी येतात, आणि दोन्हीकडे ओळखीचं ताजं काही असेल तर तेच. टॅग परत आणले. तरी मर्ज विंडोच्या (कर्नलमध्ये नवं काम घेण्याच्या) दोन आठवड्यांत नवा टॅगच नसतो, आणि नेमके तेव्हाच हजारो कमिट (बदलांच्या नोंदी) आत येतात.

खरा फरक पडला तो पुश.निगोशिएट ट्रू केल्यावर. गिट 2.32 (2021) पासून आहे, पण आपोआप चालू नसतं. पुशच्या आधी गिट सर्व्हरला आपले कमिट दाखवत मागे मागे जातं, 'हा आहे' असं उत्तर आलं की तिथून पुढचंच पाठवतं. अल्टरनेट्समधले कमिटही यात धरले जातात. आता त्याच ब्रांचला जेमतेम मूठभर ऑब्जेक्ट्स जातात. एसएसएचचं एक जास्तीचं कनेक्शन लागतं, घरच्या नेटवर्कवर ते जाणवतही नाही. सर्व्हरचं गिट जुनं असेल तर इशारा देऊन नेहमीसारखा पुश होतो, अडत काही नाही.

पुशसाठी काय पाठवायचं ते झटपट ठरवणारं पॅक.यूजस्पार्स गिट 2.27 पासून आपोआप चालूच असतं, त्याला हात लावायची गरज नाही.

शेअर्ड फोर्क करणाऱ्यांनी एक मात्र पाहा: मूळ रेपोला फोर्कची खबर नसते. तिथे लिनक्स-नेक्स्ट (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल एकत्र केलेला कर्नल) ठेवलंत तर ते जवळपास रोज नव्याने बांधलं जातं, जुने कमिट अनाथ होऊ शकतात, आणि तसे झाले तर दोनेक आठवड्यांनी जीसी (गिटची साफसफाई) ते पुसतं. फोर्क त्यांवर उभा असेल तर गेला. मूळ रेपोत जीसी.प्रूनएक्स्पायर 'नेव्हर' करून ठेवलंय.