पेटीवाल्याला सॅक्सोफोन का आवडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दादर-गिरगावातल्या बैठकींनंतर हा प्रश्न मला नेहमी येतो: ‘तुम्ही साथीला पेटी वाजवता, फ्यूजनचं फारसं कौतुक कधी करत नाही, मग ती सॅक्सोफोनची रेकॉर्ड सगळ्यांना ऐकायला का सांगता?’

ती रेकॉर्ड म्हणजे जॉन हँडीची ‘करुणा सुप्रीम’. १९७५ साली जर्मनीत ध्वनिमुद्रित झालेली. आल्टो सॅक्सोफोनवर हँडी, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर आपल्या माहीमचे झाकीर हुसेन, तेव्हा जेमतेम चोविशीतले, आणि मागे तानपुरा. एवढेच. पियानो नाही, बास नाही, ड्रम्स नाहीत.

माझं उत्तर या ‘नाही’मध्येच आहे. जॅझवाल्याचा सगळा संसार कॉर्ड्सवर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर, चालतो. सूर तोच ठेवला आणि खालची कॉर्ड बदलली की सुराचा रंग पालटतो, आणि त्या पालटण्यावरच त्याची कल्पना धावते. हँडी तर जॅझमधल्या बासवादक चार्ल्स मिंगसच्या तालमीतला. मिंगसच्या १९५९ च्या ‘मिंगस आह अम’ या रेकॉर्डवर तो वाजवतो. कॉर्ड्स त्याच्या अंगात मुरलेल्या. इथे त्याच्या पायाखाली फक्त षड्ज आहे, आणि तेवढ्यावर तो उभा राहतो. खाँसाहेब तोवर कॅलिफोर्नियात स्थायिक झाले होते, त्यांचं कॉलेज १९६७ पासून तिथे चालू होतं, आणि हँडीही त्याच भागातला. एकमेकांच्या सहवासाशिवाय असं वाजत नाही.

आता मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं. पेटीवाल्याची ही कायमची हळहळ. पट्टी दाबली की सूर मिळतो, पण दोन सुरांमधली वाट मिळत नाही. सॅक्सोफोनलाही चाव्याच आहेत, पण त्याची रीड, म्हणजे सूर काढणारी कंप पावणारी पातळ पट्टी, ओठात असते. जबडा किंचित सैल सोडला की सूर खाली सरकतो, पुन्हा आवळला की जागेवर येतो. बोट चावीवरून सावकाश उचललं, घशाची पोकळी बदलली, की मधली जागा भरू लागते. सूर वर ताणायला मात्र ओठ फार साथ देत नाही, म्हणून पुष्कळदा सॅक्सोफोनची मींड खालून येऊन सुराला भिडते. सरोदचं उलट. पडदे नाहीत, पोलादी पट्टीवर नख हवं तिथे घसरतं. पण जव्याचा, म्हणजे तार छेडायच्या तुकड्याचा, आघात झाला की त्या क्षणापासून सूर मावळायला लागतो. एकाकडे मींड आहे, दुसऱ्याकडे दमसास. सरोदची जागा विरत जाते, तिथून हँडी ती श्वासावर उचलतो, तेव्हा दोघांची उणीव भरून निघते. मला तर तिथे दर वेळी भरून येतं.

खाँसाहेबांनीही काही सोडलं आहे. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं, त्यात आलाप आटोपशीरच राहणार. काही जाणकारांना हे खटकतं. मला नाही खटकत. जेवढा आहे तेवढा आलाप कसदार आहे.

मुंबईचाही यात एक धागा आहे. १९८० च्या इथल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात हँडीने कद्री गोपालनाथांचा सॅक्सोफोन ऐकला आणि त्यांच्यासोबत वाजवायला तो मंचावर गेला. गोपालनाथ नादस्वरम्, म्हणजे दक्षिणेतली लांब सनई, वाजवणाऱ्या घरातले, कर्नाटक संगीतातली गमकं, म्हणजे सुराला दिलेले हेलकावे, त्यांनी या परदेशी वाद्यातून काढली. हिंदी सिनेमात मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना तो सूर अगदीच वेगळा लागतो.

ऐकायची असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, तानपुरा हरवतो, आणि तानपुरा हरवला तर हँडी कशाला धरून वाजवतोय तेच कळणार नाही. हेडफोन लावा. नंतर २००८ ची ‘किन्समेन’ घ्या: अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा आणि कद्री गोपालनाथ, दोन आल्टो समोरासमोर. तिच्यात गिटार आहे, बास आहे, ड्रम्स आणि मृदंगम् आहे, गर्दी बरीच. म्हणून ती दुसरी.