बारा लाखांचा विमा, चोवीस लाखांचा माल

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ते ओसरल्यावर मी विमा सर्वेक्षक म्हणून गणपती पेठेत रोज चार-पाच दुकाने पाहत होतो. त्यांतले एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचे दुकान विशेष लक्षात राहिले. गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर उमटली होती, गुळाच्या ढेपा विरघळून बारदानाचा चिकट लगदा तेवढा उरला होता आणि फुगलेल्या डाळीच्या पोत्यांना आंबूस वास सुटला होता. मी टेपने रेघेची उंची घेतली, पोती मोजली, फोटो काढले. वाचलेल्या मालात वरच्या फळ्यांवरचा साबण आणि तेलाचे सीलबंद डबे एवढेच होते.

"साहेब, नुकसान आठ लाखांचं आणि विमा बारा लाखांचा. म्हणजे सगळे मिळतील ना?" शेठनी विचारले.

पॉलिसी आगीच्या नावाची असली तरी वादळ-पुराचे धोके मुद्दाम वगळलेले नसतील तर पूर तिच्यात येतो, आणि येथे ते वगळलेले नव्हते. अडचण वेगळीच होती. बँकेने मालाच्या तारणावर दिलेल्या कर्जाची, म्हणजे कॅश क्रेडिटची, मर्यादा बारा लाख म्हणून विमाही तेवढ्याचाच उतरवला होता. कागद बँकेच्या फाइलीत राहिला आणि शेठनी तो कधी पाहिलाच नव्हता. खरेदीची बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे जुळवल्यावर, गणपतीसाठी भरलेला धरून, पुराच्या दिवशी दुकानात चोवीस लाखांचा माल निघाला.

येथे सरासरीचे कलम लागू होते. नाव फसवे आहे, कारण त्यात सरासरी नव्हे, प्रमाण काढले जाते. मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा असल्यामुळे नुकसानही निम्मेच ग्राह्य धरले जाते, म्हणजे आठातले चार लाख. त्यातून तेव्हा पुराच्या दाव्याला लागणारी पाच टक्के, पण किमान दहा हजारांची, वजावट जाऊन ३,८०,००० रुपये उरत होते. मी हे गणित एका कोऱ्या बिलाच्या पाठीवर मांडले. शेठनी तो कागद उचलून स्वतःच्या पेनने पुन्हा आकडेमोड केली आणि उत्तर तेच आल्यावर ते गल्ल्यावर बसून राहिले.

"मग हप्ता कशाचा भरला मी?"

"निम्म्या मालाचा. उरलेल्या निम्म्याची जोखीम तुमच्याच अंगावर होती," मी म्हणालो. मूल्यांकन माझे, मंजुरी कंपनीची, हेही सांगितले. पण बारा लाख हा आकडा भरपाईचा नसून कंपनीच्या जबाबदारीची कमाल मर्यादा आहे, हे त्यांना हप्ता घेतानाच कोणीतरी सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा सकाळीच त्यांचा फोन आला. माल मिरजेला पाहुण्यांच्या गोदामात हलवत होते. "साहेब, विमा या वेळी पूर्ण मालाचा आहे, पण त्यात पत्ता पेठेचा आहे. तिकडे गेलेल्या मालाचं काय?" पॉलिसीत लिहिलेल्या जागेवरचाच माल संरक्षित असतो, म्हणून विमा कंपनीच्या शाखेला लगेच लेखी कळवून नव्या जागेची नोंद करून घ्या, असे मी सांगितले. तोवर दोन टेम्पो निघून गेले होते; तिसरा त्यांनी दारातच थांबवला आणि अर्ज लिहायला मुलाला बसवले.