लझानियाची पारी

जळगाव-भुसावळकडचं कुणी इटलीला यायचं ठरलं की मला निरोप येतो, "चांगला लझानिया कुठे खायचा तेवढं कळव." मी बोलोन्यात राहते, म्हणजे लझानियाच्या, पारी आणि सारणाचे थर लावून भाजलेल्या पास्त्याच्या, माहेरीच, तेव्हा हा प्रश्न मला विचारणं साहजिक आहे. पण हॉटेलाचं नाव मी सहसा देत नाही. आचारी बदलला की त्याच टेबलावर वेगळंच ताट येतं. त्यापेक्षा ताटात काय बघायचं हे माहीत असलेलं बरं, मग तुम्ही रोममध्ये असा की जळगावच्या रिंगरोडवर.

आपल्याकडे लझानिया म्हटलं की डोळ्यासमोर येतो लालभडक सॉस आणि काट्याबरोबर हातभर ताणलं जाणारं चीज. बोलोन्याच्या लझानियात मोझरेला नसतंच. इथे चारच गोष्टी: पालक घालून मळलेली हिरवी पारी, रागू म्हणजे तासन् तास शिजलेला खिमा, बेशामेल नावाचा दुधाचा पांढरा सॉस आणि किसलेलं पार्मिजानो चीज. रागूत टोमॅटो असतो, पण बेताचा. कांदा, गाजर आणि सेलरीचे बारीक तुकडे आधी मंद आचेवर मऊ करायचे, त्यात मांस, वाइन, थोडा टोमॅटो आणि दूधसुद्धा. या रागूची कृती 1982 साली इटालियन पाककला अकादमीने बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली आणि 2023 मध्ये ती सुधारली. एका कालवणासाठी एवढी कागदपत्रं करणारं गाव मला फार आवडतं.

तरीही माझ्या मते लझानिया रागूवर ठरत नाही, पारीवर ठरतो. इथे पारी लाटणाऱ्या बाईला 'स्फोलीना' म्हणतात. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. घट्ट मळलेला गोळा झाकून अर्धा तास ठेवायचा आणि मग हातभर लांब लाटण्याने मोठ्या लाकडी पाटावर लाटायचा. लाटता लाटता पारी लाटण्यालाच गुंडाळतात, तळहातांनी दोन्हीकडे सरकवत ताणतात, पुन्हा उलगडतात. अशी एक पारी मी आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. खिडकीसमोर धरली तेव्हा पलीकडचं झाड दिसत होतं. आजी म्हणाली, "इतलं पातळ! हाई ते मांडाच शे." तिचं निरीक्षण अचूक होतं. आखाजीला खापरावर टाकायचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत नेणाऱ्या बायका आणि या स्फोलीना एकाच जातीच्या कारागीर आहेत. मांड्याचं पीठ सैल आणि पोटात पुरण, इथलं पीठ घट्ट आणि पोट रिकामं, एवढाच फरक.

आता हॉटेलात बसल्यावर. तुकडा ताटात आला की आधी बाजूने बघा. पाच-सहा थर तरी दिसले पाहिजेत, आणि ते पातळ. दोनच जाड थर आणि मध्ये मसाल्याचा ढीग असेल, तर ती कारखान्याची पारी आहे. तुकडा उभा राहिला पाहिजे. सॉस ताटभर पसरला तर भट्टीतून काढल्यावर त्याला निवू दिलेलं नाही. वरचे कोपरे कुरकुरीत हवेत. माझ्या घरी त्या कोपऱ्यांवरून भांडणं होतात. आणि रविवारी दुपारी जा, कारण इथे तो रविवारच्या जेवणाचा पदार्थ आहे.

एकच लझानिया खरा, असं मात्र मी म्हणणार नाही. नेपल्समध्ये कार्निव्हलला जो करतात त्यात रिकोटा, मोझरेला, बोराएवढे खिम्याचे गोळे आणि उकडलेली अंडीही असतात. लिगुरियात रेशमी रुमालासारख्या पाऱ्यांवर तुळशीच्या जातीच्या बेझिलची हिरवी चटणी, म्हणजे पेस्तो घालतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लॅटिन पाकग्रंथातला लझानिया तर निव्वळ उकडलेल्या चौकोनी पाऱ्या, किसलेलं चीज आणि मसाल्याची पूड असा आहे. टोमॅटो तेव्हा युरोपात पोहोचलाच नव्हता.

माळकरी आणि शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. बोलोन्याच्या रागूत गाय-बैलाचं आणि डुकराचं मांस असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका. शिवाय पार्मिजानो करताना दूध वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजतात, त्यामुळे भाज्यांचा लझानियाही कडक शाकाहाऱ्याला चालणारा नाही. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून चीज घेता येतं, म्हणून अशांसाठी घरचाच उत्तम.

आणि घरी तो खरंच छान होतो. सुट्टीत चोपड्याला गेले की वहिनी आणि मी मिळून करतो. अंडं चालत असेल तर मैदा आणि अंडं, मूठभर शिजवून घट्ट पिळलेला पालक घातला तर अंडं एक कमी. अंडं नको असेल तर बारीक बन्सी रवा कोमट पाण्यात मळायचा. दक्षिण इटलीतला सुका पास्ताही बिनअंड्याचाच असतो. मळायला जास्त वेळ द्या. लाटायला वहिनीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, ते काम तिचं. पाऱ्या खारट उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात, मग सुती कापडावर.

पांढऱ्या सॉसला लिटरभर दूध, 80 ग्रॅम घरचं लोणी, 80 ग्रॅम मैदा, मीठ आणि जायफळ. मैदा लोण्यात परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. दूध गरम करून थोडं थोडं घालायचं आणि हात थांबवायचा नाही.

हिवाळा असेल तर सारणाला भरताचं वांगं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यात बी कमी, गर भरपूर, म्हणून या कामाला ते नेमकं आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलं तर धुराचा वास थेट शेवटच्या थरापर्यंत जातो. तसा लझानिया मी बोलोन्यातही खाल्लेला नाही. फक्त भरीत करून घालू नका. मिरची-लसणाच्या ठेच्यापुढे दूध आणि जायफळ दबून जातं. कांदा-गाजर लोण्यात मंद परतून, त्यात थोडा टोमॅटो आणि ठेचलेला गर, एवढंच. मांसाहारी असाल तर बोकडाचा खिमा घ्या आणि दोन-अडीच तास शिजवा. काळा मसाला डब्यातच राहू द्या, त्याच्यासाठी शेवभाजी आहे.

थर लावताना सारण कमी घाला, पारी मधूनमधून दिसली पाहिजे. ओव्हन 180 अंशांवर अर्धा-पाऊण तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, वर झाकण ठेवूनही भाजता येतो, मात्र वरचा कोपरा तेवढा कुरकुरीत होत नाही. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं तरी सुरी लावू नका, पोरं कितीही मागे लागली तरी. उरला तर दुसऱ्या दिवशी तुकडा तव्यावर थोडं लोणी टाकून, झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा. खालची पारी खरपूस होते आणि चव आदल्या दिवसापेक्षा वर जाते.