वाडी गोव्यात कधी गेली?

मी कारागिरांच्या कामाला प्रसिद्धी मिळवून देते. विमानातल्या मासिकात बातमी लावणं हे त्यातलं सगळ्यात चिवट काम. दिवाळी अंकाचा विषय पावसाळ्यातच द्यावा लागतो. फोटो ३०० डीपीआयचे, म्हणजे छपाईतही स्पष्ट दिसतील असे, उभे आणि वर मथळ्यासाठी मोकळी जागा असलेले हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो छपाईला चालत नाही, हे कारागिरांना समजावण्यात माझा निम्मा वेळ जातो. मासिक बहुतेकदा बाहेरची प्रकाशनसंस्था काढते, पण शेवटची मान्यता विमान कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांची. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्या गावाला आमचं विमान जातं का?

२०१९ साली सावंतवाडीच्या गंजिफांसाठी मी खटपट करत होते. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. वराहाचा एक पत्ता भिंगाखाली धरला तेव्हा नखाएवढ्या जागेतली दागिन्यांची रेघ पाहून मी थक्क झाले. असा विषय कोण नाकारणार?

पण सावंतवाडीच्या जवळचा, चिपीचा विमानतळ सुरू झाला नव्हता. संपादकांनी लेख घेतला, तो ‘गोव्याच्या आसपास’ या मथळ्याखाली. प्रूफ घेऊन मी रंगकाम करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पान नीट पाहिलं आणि म्हणाले, “आमची वाडी गोव्यात कधी गेली गो?”

मी तिथूनच संपादकांना फोन लावला. बराच वाद झाला. पहिल्याच वाक्यात ‘सावंतवाडी, महाराष्ट्र’ घालून घेतलं. मथळा मात्र त्यांनी सोडला नाही. तिकिटं गोव्याची विकायची होती. कलेला पान मिळतं ते तिकिटाच्या आधाराने, याची मला आजही चीड येते.

अंक महिनाभर सीटच्या खिशात राहतो, त्यामुळे फोन एकदम येत नाहीत, येत राहतात. काकांना ऑर्डरी मिळाल्या, चांगल्या मिळाल्या. चिपीहून विमानं उडू लागली ती ऑक्टोबर २०२१मध्ये. त्याआधीच, मे २०२०मध्ये, कोविडच्या नियमांनी सीटच्या खिशातली मासिकं काढून टाकली होती.

त्या मथळ्यासाठी लेख मागे घ्यायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. फोन करणारे विचारायचे, “गोव्यात दुकान कुठे आहे?” काका आधी वाडी कुठे आहे ते सांगायचे, मग किंमत.