संडासाची चाबी अन् दुसरा नंबर

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी पंचायत समितीच्या मीटिंगमधे होतो, बाहेर येऊन उचलला. शाळेचं अमृत महोत्सवी वर्ष आहे, शाळेला मिळालेल्या पुरस्कारांवर दोन पानं लिहून द्या म्हणे. लगेच हो म्हटलं. रात्री लिहायला बसलो तर डोक्यात आलं की यादी तर ऑफिसच्या भिंतीवर रंगवलेलीच आहे अन् ती तुम्ही पुढच्या पानावर छापणारच, मग मी वेगळं काय लिहू? म्हणून त्या यादीतल्या एकाच ओळीबद्दल लिहितो, बाकी गोष्टी मधे मधे येतील तशा येतील.

आपली शाळा जिल्हा परिषदेपेक्षा जुनी आहे, हे पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. परिषदा आल्या १९६२ ला, शाळा त्याच्या आधीपासून भरते. आमचे आजोबा म्हणायचे, आमच्या वेळी बक्षीस एकच होतं, छडी, अन् ते सगळ्यांना सारखं मिळायचं.

तालुक्यात नाव झालं ते चौथीच्या स्कॉलरशिपनं. तेव्हा ती ३०० मार्कांची असायची, भाषा, गणित अन् बुद्धिमत्ता, प्रत्येकी १००. नंतर ती पाचवीला नेली तो भाग वेगळा. गुरुजी जेवण करून रात्री परत शाळेत यायचे, लाईट गेली की कंदील, अन् आम्ही टाटपट्टीवर बसून आकृत्यांचे आरसे शोधत बसायचो. नाव लिहीत नाही, आपल्या गावात नुसतं गुरुजी म्हटलं तरी एकच माणूस डोळ्यासमोर येतो. पेपरच्या दिवशी दर्यापूरच्या एसटीत आम्हाला बसवून स्वतः उभे राहायचे अन् पिशवीत जास्तीची पेनं अन् भाकरी. नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं, वेड पण त्यांनीच लावलं. देशात पहिले जे दोन नवोदय निघाले त्यातलं एक आपल्या अमरावतीत, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की जणू यांनीच मंजूर करून आणलं. माझा नंबर नाही लागला, माझ्या मागच्या बाकावरच्या पोरीचा लागला, ती आता डॉक्टर आहे.

पटनोंदणीचं अन् हजेरीचं जे प्रमाणपत्र फ्रेममधे आहे त्याचं श्रेय मात्र कोणी घेऊ नये, ते महिन्याच्या ३ किलो तांदळाचं आहे. तेव्हा ८० टक्के हजेरी असली की सरकारचा तांदूळ मिळायचा, त्यामुळे तापात पण आई शाळेत पाठवायची.

आता ती ओळ. यादीत लिहिलंय, "स्वच्छ शाळा, तालुक्यात द्वितीय". २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं अन् सगळ्या गावांना झाडूचं वेड लागलं. आपल्याकडे तर जास्तच, गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आपल्याच बाजूचं, बाबा आपलेच. एक-दोन वर्षांत शाळेचंही नाव स्पर्धेत गेलं. भिंतींना चुना, खाली गेरूचा पट्टा, झाडांच्या बुंध्यांना पांढरा-लाल रंग, नखं कापलेली, केसांना तेल. मी चौथीत. शाळेमागं दोन खोल्यांचा नवा संडास बांधून झाला होता, पण तो बांधल्या दिवसापासून कुलपात. कारण सोपं होतं, वापरला तर घाण होईल, अन् स्पर्धेची तपासणी समिती येईपर्यंत तो नवा दिसला पाहिजे. पाण्याचा पण प्रश्न होताच, आपला खारपाण पट्टा, हापशाचं पाणी तोंडात धरवत नाही, अन् शहानूर धरणाचा नळ येईल तेव्हा येईल.

समिती आली. जीपमधून चार साहेब उतरले, आम्ही लेझीम खेळलो, परिपाठ झाला. त्यातले एक जाडे चष्मेवाले साहेब संडासाजवळ गेले, आत पाहिलं, खूश झाले, अन् रांगेत मीच पहिला उभा होतो म्हणून मला विचारलं, काय बाळ, संडास रोज वापरता ना? मी म्हटलं, "नाही साहेब, कुलूप आजच उघडलं. आम्ही नाल्यावर जातो."

कोणी हसलं नाही. हेडमास्तरांच्या हातातली फुलं अजून साहेबांना द्यायची राहिली होती, ती तशीच राहिली. जीप गेली अन् पोरं माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी शाळाच जाळली. घरी बाबांना आधीच कळलं होतं, तिथं काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर गुरुजींनी मला समोर बोलावलं. मी हात पुढं करूनच गेलो, छडीसाठी. त्यांनी हातावर चाबी ठेवली. पितळेची, सुतळी बांधलेली. म्हणाले, "पोट्ट्या, तू खोटं नाही बोलला, चूक आमची हाये. आता हे कुलूप रोज तू उघडशीन. अन् घाण दिसली तं मले येऊन सांगशीन, दुसऱ्या कोनाले नाही."

बस एवढंच. मग रोज दहा वाजता मी कुलूप उघडायचो, पाच वाजता लावायचो. पहिल्या आठवड्यात कोणी जाईना, पोरींना तर लाज वाटायची, मग एक खोली पोरींची ठरली अन् वरच्या वर्गाच्या बाईंनी ती चाबी पोरींकडे दिली. पाणी कमी पडलं की गुरुजी स्वतः सायकलच्या कॅरियरला डबे बांधून गावविहिरीवरून आणायचे, सुट्टीत मी मागून धरत पळायचो. घाण झाली तर धुवायला पण तेच पहिले वाकायचे, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून. ते वाकले की कोणाला उभं राहायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी मी पाचवीला दुसऱ्या गावात गेलो होतो, तेव्हा समिती परत आली अन् दुसरा नंबर आला. फरशी ठिकठिकाणी काळी पडलेली, दाराचा कोपरा पाण्यानं फुगलेला, तरीही आला.

मी आता शिक्षण विस्तार अधिकारी आहे, यवतमाळ जिल्ह्यात. २०२३-२४ ला "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" अभियान आलं, राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख, अन् मला मूल्यांकनाला जावं लागलं. शाळेत गेलो की आधी मागं जातो. कुलूप चकचकीत असलं की मला शंका येते, अन् मी शिक्षकांना नाही, पोरांना विचारतो. एका शाळेत एका पोरीनं मला माझंच उत्तर दिलं. मी तिथल्या हेडमास्तरांना बाजूला घेऊन ही चाबीची गोष्ट सांगितली, मार्क मात्र दिले नाहीत.

एक गोष्ट मनाला लागते. गुरुजींना आदर्श शिक्षक पुरस्कार कधीच मिळाला नाही, कारण त्याचा प्रस्ताव ज्याचा त्यानंच करायचा असतो, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं सगळं जोडून. कोणी फाईल करा म्हटलं की म्हणायचे, आपलीच आरती आपण कशी ओवाळायची. अन् आता शाळेचा पट पाहिला की पोटात कालवतं, सकाळी पिवळी व्हॅन येते अन् गावातली अर्धी पोरं टाय लावून तालुक्याला जातात. मला बोलायचा तसा हक्क नाही, माझा मुलगा पण टायच लावतो.

त्या दुसऱ्या नंबरचं शिल्ड गेल्या दिवाळीत आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या मागं पडलेलं होतं, त्याच्यावर माऊसची वायर गुंडाळलेली. कार्यक्रमाआधी तेवढं पुसून समोर ठेवा. अन् गुरुजींना आणायला कोणी जाणार नसेल तर मला कळवा, मी आदल्या रात्रीच पोचतो, गाडीत जागा आहे. त्यांना पुढच्या सीटवर पाय मोकळे करायला लागतात.