रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर आणि संगणक एकत्र बदलताना

माझा जुना संगणक रेकॉर्डिंगचे काम अजूनही नीट करत होता. मात्र विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सोय नसल्यामुळे त्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नव्हते. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअरही बऱ्याच आवृत्त्या मागे राहिले होते, त्यामुळे दोन्ही बदल एकदमच समोर आले. तरीही ते एकाच वेळी करायचे नाहीत, असे मी आधीच ठरवले. नव्या संगणकावर नव्या आवृत्तीत जुने गाणे उघडले आणि त्यातला एखादा आवाज गायब झाला, तर दोष सॉफ्टवेअरचा, ड्रायव्हरचा की हरवलेल्या फाइलचा, हे शोधण्यातच सगळा वेळ जातो.

म्हणून नवी आवृत्ती प्रथम जुन्याच संगणकावर, जुनी तशीच ठेवून, तिच्या शेजारी बसवली. प्रत्येक प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडल्यावर तो वेगळ्या नावाने साठवायचा, हा नियम तेव्हापासून पाळला, कारण नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत पुन्हा धडपणे उघडेलच याची खात्री नसते. या पायरीवर खरी अडचण समोर आली. नव्या आवृत्तीत जुन्या, ३२-बिट बांधणीचे प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्राम) मुळीच चालत नव्हते, आणि माझ्या जुन्या गाण्यांतील काही रिव्हर्ब (आवाजाला घुमार देणारे) व सिंथ (वाद्यांचे आवाज तयार करणारे) नेमके त्याच प्रकारचे होते. काहींच्या ६४-बिट आवृत्त्या मिळाल्या. पण एका कंपनीने कामच बंद केले होते, त्यामुळे तिच्या प्लगइनला पुढचा मार्गच नव्हता.

व्हीएसटी २ आणि व्हीएसटी ३ या प्लगइनच्या दोन प्रकारांतील फरकही इथेच कळतो. व्हीएसटी ३ हा प्रकार २००८ पासून आहे, तरी जुन्या प्रोजेक्टमध्ये व्हीएसटी २ प्रकारातील प्लगइन साठवलेले असेल, तर त्याच प्लगइनची व्हीएसटी ३ आवृत्ती त्या जागी आपोआप येईलच असे नाही. काही निर्मात्यांनी ही अदलाबदल सोपी करून ठेवली आहे. इतर ठिकाणी प्रीसेट, म्हणजे साठवलेली सेटिंग, जुन्यातून बाहेर काढून नव्यात भरावा लागला आणि ऑटोमेशनच्या, म्हणजे गाणे चालू असताना सेटिंग बदलत नेणाऱ्या, रेषा पुन्हा जोडाव्या लागल्या.

या अनुभवावरून मी प्रत्येक महत्त्वाच्या गाण्याचे सर्व ट्रॅक जुन्या आवृत्तीतूनच स्वतंत्र वेव्ह फाइलींच्या रूपात काढून घेतले. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी ठेवली, म्हणजे पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीने मांडल्या की आपोआप जुळतात. प्रत्येक ट्रॅक दोनदा काढला, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरा. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ दराने एका स्टिरिओ ट्रॅकला मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट लागतात, म्हणजे जागा बरीच जाते. पण बंद पडलेल्या कंपनीच्या रिव्हर्बचा आवाज जपण्याचा दुसरा उपाय मला दिसला नाही. टेम्पो आणि मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) सोबत ठेवल्या, कारण वेव्ह फाइलमधून सूर ऐकू येतात, सहज बदलता येत नाहीत.

गाणे नव्या आवृत्तीत तसेच वाजते की नाही, हे केवळ कानावर सोडले नाही. जुन्या आवृत्तीतून काढलेले मिक्स आणि नव्या आवृत्तीतून काढलेले मिक्स शेजारीशेजारी ठेवायचे, एकाचे फेज उलटायचे, म्हणजे त्याची ध्वनिलहर उलटी करायची, आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर काहीही ऐकू येत नाही. जे उरते तोच फरक. डिदर (फाइल काढताना मिसळला जाणारा अतिसूक्ष्म गोंगाट) दोन्हीकडे बंद ठेवावे लागते, आणि ज्या कोरस किंवा रिव्हर्बमध्ये यादृच्छिक हालचाल असते, ते स्वतःशीसुद्धा पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे असे इफेक्ट चाचणीपुरते बंद केले. एका गाण्यात फक्त गायनाचा ट्रॅक उरला, आणि त्यावरच्या कॉम्प्रेसरची (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या इफेक्टची) नवी आवृत्ती वेगळ्या मूळ सेटिंगवर उघडत असल्याचे उघड झाले. नुसते ऐकून हे कधीच लक्षात आले नसते.

यानंतर संगणक बदलणे तुलनेने सोपे गेले. सॅम्पल लायब्ररी ज्या डिस्कवर होती, तिला नव्या यंत्रावरही डिस्क मॅनेजमेंटमधून तेच अक्षर दिले, त्यामुळे सॉफ्टवेअरला सर्व फाइल जुन्याच मार्गावर सापडल्या. व्हीएसटी ३ प्लगइनसाठी विंडोजवर ठरलेले एकच फोल्डर असते; व्हीएसटी २ मात्र वाटेल तिथे विखुरलेले असतात, त्यांचे मार्ग जुन्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून आधीच टिपून घेतले होते. परवान्यांचे काम सर्वांत कंटाळवाणे ठरले. आयलॉक या परवाने साठवणाऱ्या यूएसबी कळीवरचे परवाने कळीबरोबर आले, परंतु संगणकाशी बांधलेले परवाने आधी जुन्या यंत्रावर निष्क्रिय करावे लागतात, आणि त्यासाठी ते यंत्र चालू व इंटरनेटला जोडलेले असावे लागते. जुना संगणक घाईने विकणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

शेवटी ऑडिओ इंटरफेसचा (माइक व हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने ध्वनी पोचवणारा प्रोग्राम, नव्याने घेतला. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (ध्वनी पुढे पाठवण्यापूर्वी साठवला जाणारा तुकडा) म्हणजे एका दिशेला साधारण २.७ मिलिसेकंद, आणि हेडफोनवर स्वतःचा आवाज ऐकत गाताना तो विलंब जाणवत नाही. पण सुरुवातीला त्या बफरवर अधूनमधून चरचर येत होती. नवा संगणक बराच वेगवान असूनही असे व्हावे, हे आधी पटेना. विजेची बचत करणारी योजना बदलली आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवले, तेव्हा ती थांबली. आता गाताना बफर १२८ वर आणि मिक्स करताना ५१२ वर ठेवतो, आणि बंद कंपनीचे ते प्लगइन लागलेच तर इंटरनेटपासून तोडून ठेवलेला जुना संगणक सुरू करतो.